मिश्र कापड आणि शिंप्याचा शब्द

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या समाजाच्या ह्या वार्षिक मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. वस्तुतः व्याख्यान देण्याइतका आमचा अधिकार नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढील सारी हयात खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविली. वस्त्रविद्येची कोणतीही पदवी आमच्यापाशी नाही. तथापि आमचे वडील जन्मभर शिवणयंत्रावर बसले, आमचे बालपण त्या यंत्राच्या पायथ्याशी चिंध्यांच्या ढिगात गेले, आणि सेवानिवृत्तीनंतर ह्या विषयावरील जी काही पुस्तके हाती लागली ती आम्ही जिज्ञासेने वाचली. एवढ्याच भांडवलावर आम्ही आपणांपुढे उभे आहोत. चुकलेमाकले आपण पदरात घ्यावे.

विषय मुद्दाम निवडला आहे. मागील बैठकीत आपल्या तरुण मंडळींनी अशी कल्पना मांडली की, सर्वांनी मिळून आसपासच्या शाळांचे गणवेश शिवण्याचे काम घ्यावे. कल्पना उत्तम आहे. तयार कपड्यांच्या ह्या काळात एकेकट्या दुकानाचा निभाव लागणे कठीण झाले आहे, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु कापड कोणते घ्यावे, ह्या एकाच प्रश्नावर बैठकीत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, टेरिकॉट घ्या. टिकते, चुरगळत नाही, आईबापांनाही तेच हवे असते. दुसरा पक्ष म्हणाला, सुतीच घ्या. हा हिंगोलीचा उन्हाळा आहे, मुले घामाघूम होतील. दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्ही शांतपणे ऐकले. दोघांचेही काही खरे होते, आणि दोघांनाही मिश्र कापड म्हणजे काय ह्याची पुरती ओळख नव्हती. ती ओळख करून द्यावी आणि नंतर आमचे मत नम्रपणे सांगावे, एवढाच आजचा हेतू आहे.

आरंभी आमच्या घरातील एक गोष्ट सांगतो. १९७१ सालची लग्नसराई होती. त्या वेळी आपला हा भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. गावातील एका सुखवस्तू शेतकऱ्याने मुलाच्या लग्नासाठी मोठ्या शहरातून टेरेलिनचे कापड आणले आणि आमच्या वडिलांकडे शिवावयास टाकले. त्या दिवसांत टेरेलिनचा सदरा म्हणजे श्रीमंतीची खूण! वडिलांनी तो मोठ्या जपणुकीने शिवला. काजे केली, बटणे लावली आणि शेवटी कोळशाची इस्त्री फिरविली. इस्त्री नेहमीसारखीच तापलेली होती; मांजरपाट व पॉपलीन ह्यांवर ती रोज फिरत असे. परंतु ह्या वेळी ती सदऱ्याच्या पाठीवर टेकताच चिकटली. उचलली तेव्हा कापड तिच्याबरोबर आले आणि पाठीवर तळहाताएवढे भोक पडले.

वडील पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी तो सदरा घडी घालून काखेत मारला आणि ते स्वतःच त्या शेतकऱ्याच्या घरी गेले. आम्ही मागोमाग गेलो होतो. ते एवढेच म्हणाले, "पाटील, कापड माझ्या हातून जळालं. दुसरं आणून देतो." त्या कापडाची किंमत फेडण्यास आमच्या घराला दोन हंगाम लागले, आणि दुसरा हंगाम १९७२ च्या दुष्काळाचा होता. ते दिवस कसे गेले हे सांगत बसत नाही. मात्र त्या रात्री वडिलांनी जळक्या सदऱ्याचा एक धागा काढून चिमणीच्या ज्योतीवर धरला. तो कापसासारखा पेटला नाही. तो आधी ज्योतीपासून मागे आक्रसला, मग वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. वडिलांनी तो दोन बोटांत चिरडून पाहिला; चिरडला नाही. ते म्हणाले, "हे सूत नव्हे. हे दुसरंच काही आहे." त्या दिवसापासून नवीन कापड आले की, धागा जाळून पाहिल्याशिवाय ते कात्री लावीत नसत. वस्त्रशास्त्राचा आमचा पहिला पाठ तोच होय.

आता मूळ विषयाकडे वळू. भिन्न जातींचे तंतू एकत्र करून कापड विणणे ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या मराठवाड्याची राजधानी म्हणून जिचा लौकिक होता, त्या औरंगाबादेचे (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरू कापड प्रसिद्ध आहे. त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही असतात. मशरू नावाच्या कापडाची हकीकत तर फारच बोधप्रद आहे. मुसलमान पुरुषांना अंगाशी निव्वळ रेशीम लावणे धर्मदृष्ट्या वर्ज्य मानले गेले होते. तेव्हा विणकरांनी युक्ती काढली. उभे धागे रेशमाचे घेतले, आडवे कापसाचे घेतले आणि वीण अशी घातली की, रेशीम वरच्या अंगाला दिसावे आणि त्वचेला कापूस लागावा. 'मशरू' ह्या शब्दाचा अर्थच 'शास्त्रसंमत' असा आहे. म्हणजे नियम पाळला गेला, शोभाही राहिली, आणि निव्वळ रेशमापेक्षा खर्चही आटोक्यात आला. एका तंतूने जे साधत नाही ते दोहोंच्या मिळणीने साधावे, हे मिश्रणाचे मूळ तत्त्व आपल्या विणकरांना पूर्वापार ठाऊक होते.

मानवनिर्मित तंतू आले ते त्यानंतर. त्यांची दोन घराणी आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये. पहिले घराणे झाडापासूनचे. लाकडाचा लगदा रसायनात विरघळवून, बारीक छिद्रांतून दाबून पुन्हा त्याचा तंतू करतात. फ्रान्समधील शार्दोने ह्यांनी अशा कृत्रिम रेशमाचे एकस्व १८८४ मध्ये घेतले, आणि आज आपण ज्याला व्हिस्कोज रेयॉन म्हणतो त्याची कृती इंग्लंडमध्ये १८९२ साली नोंदली गेली. ह्याचे मूळद्रव्य कापसाचेच, म्हणजे सेल्युलोज. म्हणून रेयॉन कापसासारखाच जळतो आणि घामही शोषतो. मात्र भिजला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. कापसाचे ह्याच्या उलट आहे. तो भिजल्यावर अधिकच बळकट होतो. परीट कापूस दगडावर आपटीत आले, ते ह्याच बळावर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कल्याणजवळ मोहने व शहाड येथे रेयॉनचे कारखाने निघाले, आणि मध्य प्रदेशातील नागदा येथे १९५४ पासून आखूड रेयॉन तंतू तयार होऊ लागला.

दुसरे घराणे खनिज तेलाचे. अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स ह्यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले. १९४१ मध्ये इंग्लंडात मँचेस्टर येथील एका संस्थेचे रसायनज्ञ व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्यांनी पॉलिएस्टरचा तंतू काढला. त्यालाच इंग्लंडात टेरेलिन हे व्यापारी नाव मिळाले. आपल्याकडे ठाणे येथे १९६५ च्या सुमारास हा तंतू 'टेरीन' ह्या नावाने होऊ लागला. पुढे १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी पॉलिएस्टर धाग्याचा प्रचंड कारखाना सुरू झाला आणि जे कापड आमच्या लहानपणी पाटलांच्या घरचे होते ते मजुराच्या अंगावरही आले.

पॉलिएस्टर व कापूस मिळून टेरिकॉट, पॉलिएस्टर व लोकर मिळून टेरीवूल, आणि पॅन्टच्या कापडात बहुधा पॉलिएस्टर व व्हिस्कोज असे हे संसार थाटले गेले. ते का थाटले, हे थोडे समजून घेऊ.

कापूस ओलावा शोषतो. प्रमाणित हवेत १०० ग्रॅम कोरड्या कापसात सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा मुरतो. पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही मुरत नाही. म्हणून सुती कपडा घाम टिपतो आणि गार लागतो. पॉलिएस्टरचा अंगाला चिकटतो. ह्याच कारणाने पॉलिएस्टर दोरीवर घालताच वाळते, आणि सुती धोतराला पावसाळ्यात दोन दिवस लागतात. कापूस चुरगळतो, आटतो, झिजतो. पॉलिएस्टर घडी धरून ठेवते, आटत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. कापूस तापलेल्या इस्त्रीला भीत नाही; पॉलिएस्टर २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. आमच्या वडिलांच्या कोळशाच्या इस्त्रीला हे अंश कोण सांगणार? ह्याप्रमाणे एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. दोहोंची सांगड घातल्यास उणे भरून निघावे, असा हा विचार आहे.

आता ही सांगड गिरणीत कशी घालतात ते पाहा. ह्यात आमच्यासारख्या गणिताच्या मास्तराला विशेष गोडी वाटते. कापसात सरकीचे तुकडे, पाने, माती असते. तो झटकून, पिंजून, विंचरून घ्यावा लागतो. पॉलिएस्टर मुळातच स्वच्छ असते आणि त्याचे तंतू ठरावीक लांबीचे कापलेले असतात. म्हणून बहुधा दोहोंचे पेळू वेगवेगळे तयार करतात आणि मग ते एकत्र ओढतात. पेळू सारख्या वजनाचे असल्यास चार पॉलिएस्टरचे व दोन कापसाचे असे सहा पेळू एकाच वेळी यंत्रात सोडले की, सहांत चार म्हणजे शेकडा ६७ पॉलिएस्टर आणि शेकडा ३३ कापूस, असे ते प्रसिद्ध प्रमाण आपोआप साधते. तो एकत्रित पेळू पुन्हा दोनतीन वेळा ओढतात, म्हणजे दोन्ही तंतू एकमेकांत सारखे मिसळतात. मिश्रण नीट न झाल्यास कापडावर पट्टे उमटतात. रंगविताना तर हे विशेषच दिसते, कारण ज्या रंगाने कापूस रंगतो त्याने पॉलिएस्टर रंगत नाही. पॉलिएस्टरला वेगळा रंग लागतो आणि तो दाबाखाली सुमारे १३० अंशांच्या पाण्यात चढवावा लागतो. एकाच कापडाला दोन प्रकारे रंग द्यावयाचा आणि तरी दोन्ही तंतू एकरंग दिसावयाचे, हे कौशल्याचे काम होय.

आणखी एक गोष्ट आम्हांस प्रथम वाचताना अगदी उलटी वाटली होती. पॉलिएस्टर कापसाहून बळकट; तेव्हा कापसात थोडे पॉलिएस्टर घातले की सूत थोडे बळकट व्हावे, असे कोणीही म्हणेल. परंतु तसे होत नाही. थोडे पॉलिएस्टर घातल्यास काही मर्यादेपर्यंत सूत उलट कमजोर होते. कारण सोपे आहे. कापसाचा तंतू शेकडा सातच्या आसपास ताणला की तुटतो. पॉलिएस्टर त्याहून कितीतरी अधिक ताणते. ओढ बसली की पॉलिएस्टर नुसते लांबत राहते आणि सारा भार कापसावर येतो. कापूस तुटला की मागे राहिलेले थोडके पॉलिएस्टर एकट्याने भार सोसू शकत नाही. एक बैल चालीचा आणि एक रेंगाळणारा अशी जोडी जुंपावी, तसा हा प्रकार आहे; चालीचा बैल आधी फेसाटतो आणि मग गाडीच थांबते. पॉलिएस्टरचे प्रमाण पुरेसे वाढले म्हणजेच त्याचे बळ कामास येते. म्हणून मिश्रण अंदाजाने करावयाचे नसते. प्रमाण हाच त्याचा प्राण आहे, आणि प्रमाण दडवून विकणे म्हणजे त्या प्राणावरच घाला होय.

ह्या मिश्र कापडाने आपले भले केले की वाईट? जुन्या माणसांनी नव्याला नावे ठेवावीत ही रीत आहे. परंतु आम्ही तसे करणार नाही. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा वर्गातील निम्म्या मुलांचे सदरे कोपरावर फाटलेले आणि चड्ड्यांना मागे दोनदोन ठिगळे असत. सुती सदरा रोज दगडावर आपटला तर वर्षभर टिकत नसे, आणि दुसरा घेण्याची ऐपत नसे. टेरिकॉट आले आणि थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा शेंडेफळाला असा चालू लागला. शेतातून दमून आलेल्या आईचे धुण्याचे, खळीचे, इस्त्रीचे कष्ट कमी झाले. आमच्या मातुःश्रींचे हात धुण्याने सदैव भेगाळलेले असत. त्या हातांना ह्या कापडाने विसावा दिला, हे आम्ही कृतघ्नपणे विसरू इच्छीत नाही. ज्याच्यापाशी दोनच कपडे आहेत, त्याला रात्री धुऊन सकाळी घालता येणारा कपडा हे वरदानच आहे.

आता दुसरी बाजू, आणि ही सांगताना आम्हांस संकोच वाटतो. कारण तिच्यात आमचाही दोष आहे.

१९८८-८९ च्या सुमारास आम्ही ज्या शाळेवर होतो तेथे मुलांच्या गणवेशासाठी एका व्यापाऱ्याकडून कापड आले. 'शुद्ध सुती' म्हणून आले आणि तसेच वहीत नोंदले गेले. आमचे वडील तेव्हा हयात होते. त्यांनी सवयीने एक धागा काढून जाळला. राख झाली, परंतु राखेत टणक कण राहिले. ते म्हणाले, "ह्यात मिसळ आहे. सांगून टाक." आम्ही सांगितले नाही. कापड घेतले गेले होते, वाटपाची तारीख ठरली होती, आणि मुलांना कपडा मिळतो आहे तर मोडता कशास घालावा, असा विचार आम्ही केला. खरे सांगावयाचे तर वरिष्ठांची भीड पडली.

त्याच वर्षी थंडीत आमच्या वर्गातील एक मुलगी पहाटे चुलीपाशी भाकरी करीत असताना तिच्या बाहीने पेट घेतला. अंगावर गणवेशच होता. ईश्वरकृपेने ती वाचली. परंतु कापड वितळून दंडाला चिकटले होते आणि ते काढताना त्या लेकराने जो आक्रोश केला, तो तिच्या आईने आम्हांस सांगितला तेव्हा आमच्याने तेथे उभे राहवले नाही. सुती कापड असते तर ती भाजली नसती, असे आम्ही म्हणत नाही. सुती कापडही पेटते आणि झपाट्याने पेटते. परंतु ह्याविषयीचे शास्त्र आम्ही पुढे वाचले ते असे: निव्वळ पॉलिएस्टर पेटले की वितळून आक्रसते आणि पुष्कळदा गळून पडते. मिश्र कापडात मात्र कापूस जळून त्याचा सांगाडा मागे राहतो आणि वितळलेले पॉलिएस्टर त्या सांगाड्यात धरले जाऊन जळत राहते. समईत वात आणि तेल असते ना, तसेच. कापूस ही वात आणि पॉलिएस्टर हे तेल. म्हणून 'अर्धे सुती आहे, म्हणजे अर्धे निर्धोक आहे' हा समज खोटा आहे. त्या मुलीच्या आईला घरात कोणते कापड आले आहे हे ठाऊक असते, तर कदाचित तिने मुलीला जुने लुगडे गुंडाळून चुलीपुढे बसविले असते, कदाचित नसतेही. परंतु तिला ते कळण्याचा अधिकार होता, आणि आम्हांस ठाऊक असून आम्ही बोललो नाही. वडील त्यावर आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

असो. आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. हा कापसाचा मुलूख. निजामी राजवटीपासून परभणी-नांदेडच्या ह्या पट्ट्यातील गावराणी कापसाचा लौकिक होता. देशी जातींमध्ये त्याचा धागा चांगला समजला जाई. पुढे १९८० नंतरच्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून 'नांदेड ४४' हा संकरित वाण निघाला आणि दूरवर पसरला. नांदेडची उस्मानशाही गिरणी अनेकांच्या घराची चूल पेटवीत असे. ती आज बंद आहे. इकडे सरकारच्या जून १९८५ च्या वस्त्रधोरणाने कापूस आणि मानवनिर्मित तंतू ह्यांचा हवा तसा वापर करण्याची मोकळीक गिरण्यांना दिली. आज जगात तयार होणाऱ्या सर्व तंतूंमध्ये निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे आणि कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा उरला आहे. कापूस पिकविणारा आपला शेतकरी बाजारात कापूस विकतो आणि येताना तेलापासून केलेला सदरा घालून येतो, असा हा कालाचा महिमा आहे.

ह्याच ओघात राष्ट्रध्वजाची गोष्ट सांगितली पाहिजे. शेजारच्या नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ध्वजाची खादी व ध्वज तयार करते; देशातील अशा मोजक्या संस्थांपैकी ती एक आहे, ह्याचा आपणांस अभिमान असावा. ध्वजसंहितेप्रमाणे ध्वज हातकताईच्या व हातविणीच्या कापडाचाच असावा असा दंडक होता. ३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत बदल होऊन यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासही मुभा मिळाली. त्यामुळे घरोघरी स्वस्तात ध्वज पोहोचला, हे एक. आणि खादी संस्थांना आपल्या कामाची काळजी लागली, हे दुसरे. दोन्ही खरे आहे. खादीनेही काळाशी काही तडजोड केली आहेच; पॉलिएस्टर व कापूस मिळून कातलेले 'पॉलिवस्त्र' खादी भांडारांत मिळते. परंतु ध्यानात घ्या, ते पॉलिवस्त्र ह्याच नावाने मिळते. नाव खरे आहे तोवर मिश्रणात लबाडी नाही.

आता धंद्यास उपयोगी अशा चार गोष्टी सांगतो. आपल्यांतील जाणत्यांना त्या नवीन नाहीत, तरुणांसाठी सांगतो.

पहिली गोष्ट, धाग्याची परीक्षा. कापडाचा उभा व आडवा असे दोन्ही धागे वेगवेगळे काढावेत. कारण कित्येक कापडांत ताणा एक आणि बाणा दुसरा असतो. चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून जाळावेत. कागद जळाल्याचा वास आणि बोटाने उडणारी करडी राख, तर कापूस किंवा रेयॉन. केस जळाल्याचा वास, तर लोकर किंवा रेशीम. वितळून टणक मणी, तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. राखही आणि टणक कणही, तर मिश्रण समजावे. प्रमाण किती हे मात्र ह्या परीक्षेने कळत नाही. त्यासाठी ताग्याच्या काठावरील किंवा लेबलावरील छाप वाचावा. छाप नसेल तर व्यापाऱ्याकडून लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, दोरा. मिश्र कापड धुतल्यावर फारसे आटत नाही, परंतु साधा सुती दोरा आटतो. मग शिवण आवळते आणि कॉलरवर, खिशावर चुण्या येतात. गिऱ्हाईक म्हणते, शिंप्याने शिवण बिघडविली. म्हणून ह्या कापडाला पॉलिएस्टरचा किंवा आत पॉलिएस्टर व वर कापूस गुंडाळलेला दोरा वापरावा. हा दुसरा दोरा स्वतःच मिश्रणाचा सुंदर नमुना आहे. वेगाने चालणारी सुई तापते. वरचा कापूस आतल्या पॉलिएस्टरला त्या तापापासून वाचवतो आणि आतले पॉलिएस्टर शिवणीला बळ देते. तसेच सुती कापड कापण्यापूर्वी भिजवून घ्यावे, आणि अस्तर व बकरम वरच्या कापडाशी आटण्यात जुळते आहे की नाही हे पाहावे.

तिसरी गोष्ट, इस्त्री. मिश्र कापडाची इस्त्री नेहमी त्यातील नाजूक तंतूच्या मानाने ठेवावी. कापूस शेकडा ३३ आहे म्हणून कापसाची आच लावली, तर उरलेला ६७ तुम्हांस क्षमा करणार नाही. प्रथम आतील शिवणीच्या तुकड्यावर फिरवून पाहावी. ह्या विषयात आमच्या घराने शिक्षणशुल्क भरून ठेवले आहे.

चौथी गोष्ट, चिंध्या. सुती चिंध्यांची गोधडी होते, पोतेरे होते, आणि शेवटी ती मातीत जाऊन माती होते. मिश्र कापडाच्या चिंधीचे तसे नाही. त्यातील दोन तंतू पुन्हा वेगळे करणे कठीण, आणि पॉलिएस्टर मातीत वर्षानुवर्षे तसेच राहते. ह्या चिंध्या कोणी चुलीत घालू नयेत. त्यांचा धूर वाईट असतो. त्यांचा उपयोग उशीत भरण्यास, पायपुसणी विणण्यास जितका करता येईल तितका आपल्या भगिनींनी करावा.

आता गणवेशाविषयी आमचे मत. प्राथमिक शाळेतील लहान मुलामुलींचा अंगातील सदरा सुती किंवा निदान कापूस अधिक असलेला असावा. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि आपल्या कित्येक शाळांचे छत पत्र्याचे आहे; त्याखाली शेकडा ६७ पॉलिएस्टरचा सदरा घालून लेकरू कसे बसते, ते आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. मुलांच्या पॅन्टला मात्र पॉलिएस्टर-व्हिस्कोज घेण्यास आमची हरकत नाही. ती जास्त झिजते आणि तेथे टिकाऊपणाचे मोल आहे. सुती सदरा लवकर विरतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर कोपरांना व काखेत दुहेरी कापड लावणे आणि शिवणीत वाढते माप राखणे, हे उपाय आपल्या हातांत आहेत. एखाद्या शाळेने किंवा पालकांनी सर्व समजून टेरिकॉटच मागितले, तर तेही शिवून द्यावे. गरीब माणसाला टिकाऊ कपडा हवा, हे म्हणणे ऐकून न घेणारे आम्ही कोण?

परंतु एका गोष्टीबाबत तडजोड नसावी. आपल्या हातून जाणाऱ्या प्रत्येक गणवेशाच्या पावतीवर कापड कोणते आणि त्यात कोणता तंतू शेकडा किती, हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. आणि लहान मुलांच्या कपड्यांबरोबर 'विस्तवापाशी हा कपडा घालू नये' अशी एक ओळ असावी. एवढ्याने आपले काम महाग होत नाही. झालीच तर एखादी मागणी हातची जाईल. जाऊ द्या. आपला समाज मापावर जगला आहे. गिऱ्हाईक आपल्यासमोर हात पसरून उभे राहते, आपण सांगू तसे वळते आणि आपण लिहू ते माप खरे मानते. अंगाचे माप खरे सांगणाऱ्याने कापडाचे माप खोटे का सांगावे? नर्सीचे नामदेव महाराज हे आपल्याच जिल्ह्याचे, आणि शिंपीकुळातले. त्यांचे नाव घेऊन आपण ह्या मेळाव्याचा आरंभ केला आहे. त्या नावाचा मान पावतीवरच्या त्या एका ओळीत आहे, असे आम्हांस वाटते.

१९८८ साली जे बोलावयास हवे होते ते आज, इतक्या वर्षांनी, आम्ही आपणांपुढे बोललो. उशीर झाला हे खरे. परंतु आपल्यांतील तरुणांनी तो पुन्हा करू नये, एवढीच विनंती आहे. हा ठराव पुढील बैठकीत कोणी मांडल्यास आम्ही अनुमोदन देऊ, आणि पहिल्या पावत्यांचा मजकूर सुवाच्य अक्षरांत लिहून देण्याचे काम ह्या निवृत्त मास्तराकडे द्यावे.